रोज सकाळी परत येणारं बटण

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये माझ्या जोडीला कॉम्प्युटरच्या कामावर अवंतिका आली आणि कालिंदी मॅडमच्या तोंडातलं माझं नाव गेलं. अकरा वर्षं "दत्ता, ये की जरा!" ही हाक मी ऐकत होतो. प्रोजेक्टर बंद पडो, नाहीतर नोट्स उघडेनात, हाक मलाच. आता "अवंतिका कुठाय?" पोरीला वारणानगरहून इथं येऊन जेमतेम दोन महिने झालेले. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा.

मॅडम जीवशास्त्राच्या सगळ्या नोट्स कॉम्प्युटरवरच्या नोंदवहीत ठेवतात. त्या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरला मी सात वर्षांपूर्वी एक अ‍ॅड-इन लिहून जोडलं होतं, म्हणजे वरच्या पट्टीवर एक जादा बटण. ते दाबलं की धड्याची प्रश्नपत्रिका तयार! अवंतिकानं त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि तिला स्वतःचं बटण जोडलं. मॅडमना मात्र जुनीही हवीच. सवयीपुढं कोण काय बोलणार? एकाच कॉम्प्युटरवर दोन आवृत्त्या, दोन बटणं, आणि नोट्स त्याच. दोन्ही बटणं एकाच पानात हात घालायला लागली. पानं दुबार उमटू लागली, मधेच सगळं अडकू लागलं.

अवंतिकानं दुखणं बरोबर ओळखलं. तिनं माझं बटण बंद केलं आणि सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण पुन्हा जागेवर. तिनं पुन्हा बंद केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

कारण फक्त मला ठाऊक होतं. पूर्वी सुरू व्हायला जरा उशीर झाला की ते सॉफ्टवेअर माझं अ‍ॅड-इन आपणहून बंद करून टाकायचं. रोज चालू करून वैतागलो, तेव्हा चार ओळींची एक फाईल लिहून ठेवली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की बटण चालू. ती फाईल काढून टाकली की भांडण मिटलं, दोन मिनिटांचं काम. मी चहा पीत तिची धावपळ बघत बसलो. मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

रोज आल्या आल्या ती आधी माझं बटण बंद करायची. शनिवारी मॅडम तिच्या आधी आल्या आणि त्यांनीच रविवारच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका काढली. प्रत्येक प्रश्न दोनदा, आणि हृदयाच्या आकृतीच्या जागी कोरा चौकोन. अवंतिका दारातनं आत येते तोच सगळ्या शिक्षकांसमोर मॅडम कडाडल्या.

"जमत न्हाय तर हात कशाला लावलीस गं? चांगलं चाललेलं वाटोळं केलीस! उद्या दोनशे पोरं येणार हायत. दत्ता, ये की जरा!"

दोन महिन्यांनी ती हाक ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ऐटीत जाऊन खुर्चीवर बसलो. अवंतिका शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, ती चार ओळींची फाईल मला परवाच सापडली. वर तुमचं नाव हाय."

माऊसवरचा माझा हात थांबला. "मग मॅडमना का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला बोलल्या असत्या की. आणि तुमची फाईल मी कशी काढू? वाटलं, आज ना उद्या तुम्हीच काढाल."

मी फाईल काढली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. माझं बटण आलं नाही. अवंतिकानं दुबार पानं भराभर काढून टाकली, मी तिचं बटण दाबलं. प्रश्नपत्रिका स्वच्छ आली, आकृतीसकट.

मॅडमनी कागद वरखाली बघितला. "बघितलासा? दत्ता तो दत्ताच! शिक गं काहीतरी त्याच्याकडनं."

"व्हय, मॅडम," अवंतिका म्हणाली. आवाजात जराही कुरकुर नव्हती.

हेच ऐकायला दोन महिने जीव तळमळत होता, आणि आता ते ऐकवेना. ती गप्प राहणार, कुणाला काही सांगणार नाही, हे मला कळत होतं. त्यानंच माझी जास्त आग झाली. कामात तर कामात, मनानंही हिनंच माझ्यापुढं जावं?

"मॅडम," मी म्हणालो, "तिचं कायबी चुकलं न्हाय. बिघाड माझा हुता. आणि मला पहिल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं."