पिठावरचा बूट

हॉलमध्ये कालिंदी जिथे मरून पडली होती, तिथे उषाने पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली आणि शेजारी दिवा लावला. गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म सकाळी पिठावर उमटतो, असं तिच्या सासरी मानतात. दिगंबरने बहिणीला अडवलं नाही. बायको चक्कर येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली, असं पोलीस म्हणत होते. ते काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

सकाळी उषाने हाक मारली. "दादा, वहिनी काय बूट घालून परत आली?"

टोपली सरकली होती. पिठात बुटाचा ठसा होता. दाराचं कुलूप मात्र शाबूत.

उषा झाडू घेऊन आली. "अभद्र आहे हे. गंगेत सोडू."

"हात लावू नकोस!" दिगंबरने उकाड्यातही पंखा बंद केला आणि पोलिसांना फोन लावला.

त्यांच्या आधी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, राजारहाटहून मुलगा पोचला. सुश्रुत कोलकात्यातच वाढलेला, मराठी अडखळत बोलायचा. "बाबा, किती गरम होते," म्हणत त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. दिगंबरने त्याचं मनगट धरलं.

"पीठ उडेल."

सुश्रुतने पिठाकडे पाहिलं. कसलं पीठ, हे त्याने विचारलं नाही.

फॉरेन्सिकच्या देवयानी सेन आल्या. त्यांनी ठशाशेजारी पट्टी ठेवली, विजेरी जमिनीलगत आडवी धरली. बुटाच्या तळावरची तिरकी चीर स्पष्ट दिसली. फोटो काढून झाल्यावर त्यांनी हिंदीत विचारलं, "चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे." दिगंबर थांबला. "आणि मुलाकडे."

"मग दोघांचेही बूट द्या."

सुश्रुतच्या पायात चपला होत्या. उषा पटकन मराठीत म्हणाली, "काल स्मशानघाटावर बूट होते ना रे तुझे?"

"धुतले मी. रात्री. खूप पीठ..."

दिव्याची वात तडतडली.

"काय म्हणाला तो?" देवयानींनी दिगंबरला विचारलं.

सुश्रुत बापाच्या अगदी जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "बाबा, त्यांना मराठी समजत नाही."

दिगंबरने त्याच्याकडे पाहिलं नाही. पोराचं बूट धुतल्याचं बोलणं त्याने शब्दन् शब्द हिंदीत सांगितलं.