काहील उतरवा

चाळीस हंगाम गुऱ्हाळात गुळव्या म्हणून काढलेल्या रुद्राप्पाचे कान एवढे तयार होते की काहिलीत रटरटणारा उसाचा रस गूळ व्हायला किती अवकाश आहे, ते तो काहिलीकडं पाठ फिरवून बसला तरी सांगे. म्हणूनच फाल्गुनातल्या एका सकाळी कळंबा तलावाच्या बांधावर फिरताना तो थबकला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "काहील उतरवा," तेव्हा त्याच्या बायकोच्या, चन्नम्माच्या काळजात चर्र झालं.

"अवो, तळं हाय हे."

"व्हय की. पर आवाज ऐक. आता थांबायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सून सुष्मिता दबकत म्हणाली, "आत्ती, मामंजींना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवूया."

"तुझ्या मोबाइलपेक्षा त्यांचा मेंदू बरा चालतोय!" चन्नम्मा फिस्कारली, आणि मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. पन्नास वर्षं सोबत केलेला माणूस असा जागच्या जागी हरवायला लागला, तर बाईनं हाक कुणाला मारायची?

लग्नाच्या वर्षी त्यानंच तिला गोळी बघायला शिकवलं होतं. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा; पसरला तर वेळ आहे, गोळी होऊन तळाशी बसली तर त्याच क्षणी चौघांनी कड्या धरून काहील उतरवायची. मागनं जाळ काढून उपयोग नाही. "गोळी झाली की तिचा परत रस हुईत न्हाय, चन्नी," असं म्हणत त्यानं तिच्या तळव्यावर ऊन ऊन गूळ ठेवला होता.

चौथ्या दिवशी तिनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्याच्यासोबत बांधावर आली. पाणी पाण्यात मिसळलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मग गुमान डॉक्टर गाठायचा, एवढंच तिच्या मनात होतं. दोन पूर येऊन गेलेलं तळं यंदा फाल्गुनातच आटून चिखलाला लागलं होतं. बगळे कधी गेले, ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं बोट बुडवून तळ्याचा एक थेंब तांब्यात सोडला.

थेंब सावकाश खाली गेला आणि तळाशी बसला. तिनं तांब्या हलवला. आत टक् टक् वाजलं.

 मग नवऱ्याशेजारी बसून तिनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. किती दिवसांनी तिला त्याचा असा अभिमान वाटत होता.

"तुमचं कान बरोबर हायत."

"मग उतरवा की," तो लेकरासारखा म्हणाला.

चन्नम्मानं त्याचा हात घट्ट धरला, आणि या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवत ती कड्या शोधू लागली.