माणोजीअण्णाचा टाक

माणोजीअण्णाला जाऊन वर्ष होत आलं तरी त्याचा टाक झाला नव्हता, आणि त्यावरून भागीरथीवैनी आणि तिचा मुलगा मोहन यांचं त्या रविवारी सकाळी पुन्हा वाजलं. मी भिंतीपलीकडच्या तुकड्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलो होतो. श्रावणातला बारीक पाऊस पडत होता आणि हात लाल मातीनं बरबटले होते. वाजलं म्हणजे काय, वैनी बोलत होती आणि मोहन गप्प होता. भांडायला दोन माणसं लागतात म्हणतात, पण आमच्या वैनीचं एकटीनं भागायचं.

अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. आमची मराठ्यांची चार घरं हेब्बाळच्या तळ्याच्या वरच्या अंगाला कधीपासून आहेत ते आमच्या आजालाही सांगता येत नव्हतं. आमच्यात कर्ता माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा चांदीचा टाक करून देवघरात बसवतात. रुपयापेक्षा जरा मोठा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस उठवलेला. सगळ्यांचा घोडा तोच आणि माणूसही तोच, कारण सोनाराकडं ठसा एकच असतो. अण्णा जन्मात सायकलवर बसला नव्हता, पण मेल्यावर त्यालाही घोडा मिळणार होता. अट एकच, की चांदी त्या माणसाच्या स्वतःच्या हातची पाहिजे. बाजारातून आणलेल्या चांदीत माणूस येऊन बसत नाही, असं आम्ही मानतो. टाक नाही तोवर त्याला घरात जागा नाही.

आता अण्णाकडं चांदी कुठली असणार? होती ती नाण्यांचीच. आणि नाणी त्यानं मोहनला दिलेली. शेवटच्या आजारात एक दिवस सगळ्यांसमोर बिस्किटांचा डबा आणि एक जुनी वही त्यानं पोराच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, ही मोहनची. त्यानंतर तो फारसं काही बोललाच नाही.

ही नाणी त्यानं विकत घेतली नव्हती की कुणाकडून मागितली नव्हती. ती गाळातली होती. उन्हाळ्यात तळं आटलं की आम्ही सगळे बैलगाड्यांनी गाळ आणून वाफ्यात पसरायचो. तळ्यातल्या गंगम्मा देवीला माणसं किती पिढ्या पैसे टाकत आली कोण जाणे, ते त्या गाळात असायचे. आम्ही दिवसाला पाच गाड्या पसरून मोकळे व्हायचो, अण्णाची एक व्हायची. प्रत्येक ढेकूळ तो हातानं फोडायचा, बोटांत चुरायचा आणि मगच टाकायचा. लोक म्हणायचे, हा शेती करतो का धान्य निवडतो? नाणं सापडलं की ते एका चिंधीत गाठ मारून ठेवायचा. मग रात्री जेवण झालं की वहीचा कागद त्यावर धरून पेन्सिलीनं घासायचा, म्हणजे नाणं कागदावर उमटायचं. त्याखाली तारीख आणि कुठं सापडलं ते. थोरला वाफा. चिंचेखाली. बांधाजवळ. पेन्सिल धरायला मोहन. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता, आणि ओठ दाबून इतकं लक्ष देऊन घासायचा की बघत राहावं.

ब्याण्णव साली आमच्या जमिनीवर लेआउट पडलं, घरांसाठी प्लॉट आखले गेले. आलेल्या पैशात सिमेंटचं घर झालं, दोन पोरींची लग्नं झाली, उरलं ते कुठं गेलं ते पैशालाच माहीत. मोहनला इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला लावलं. दोन बस बदलून जायचं, हिरव्या पाट्यांवर दिवसभर मुंगीएवढे तुकडे बसवायचे आणि दोन बस बदलून यायचं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्यातलं काहीतरी थांबलं होतं. अण्णाची विहीर मशिनीनं बुजवली तेव्हा तो माझ्या शेजारी उभा राहून शेंगा खात होता. विहीर बुजली तरी तो खातच होता. बाप गेला तेव्हाही डोळ्यांत पाणी नाही. काही विचारलं तर 'सरी' म्हणायचा, म्हणजे बरं. जेवतोस? सरी. ताप आलाय? सरी. कन्नडातला तो एक शब्द त्याला जन्मभर पुरला असता.

त्या रविवारी मात्र तो एक वाक्य बोलला. वैनीनं शेवटी रडत विचारलं, बापाला दारात उभा करून ठेवणार काय? तेव्हा तो म्हणाला, "त्यातलं एकबी नाणं द्येनार न्हाई." आणि भर पावसात बाहेर निघून गेला.

वैनीला वाटलं, पोराचं काळीज दगडाचं झालं. मलाही तेच वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती आम्हांला फार उशिरा कळली. त्याच्या कारखान्यात पुण्याकडचा वासुदेव म्हणून एक होता. त्यानं याला सांगितलं होतं की जुन्या नाण्यांना किंमत असते आणि चिकपेटेत एक म्हातारा जाणकार आहे. देवनहळ्ळीच्या पलीकडं अर्धा एकर लाल जमीन मोहननं बघून ठेवली होती, विहिरीसकट. मालक दसऱ्यापर्यंत थांबणार होता. एखाददुसरं नाणं विकायचं, जमीन घ्यायची आणि बाकीची तशीच ठेवायची, असं त्याच्या मनात होतं. आईला सांगितलं नाही, कारण मेल्या माणसाची वस्तू बाजारात न्यायची म्हटल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ते खरंच होतं म्हणा. पण निदान मला सांगायचं.

शनिवारी मी बाजाराला निघालो तर वैनीनं हाक मारली. मोहन सकाळीच गेला होता. तिनं पदराआडून एक गाठोडी काढली, तांबड्या फडक्याची.

"भावजी, ह्ये त्येंनीच येगळं बांधून ठ्येवलंय बघा. बाकी समदी पांढऱ्या चिंध्यांत, ह्ये एकच तांबड्यात. सोताच्या टाकाचंच असनार. दुसरं कशाला बांधतील?"

मी गाठ सोडून पाहिलं. जाड, काळपट चांदीचं नाणं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. मला तिचं म्हणणं पटलं. अण्णा असाच होता, आपली सोय आपण करून ठेवणारा. तरी मी विचारलं, मोहनला सांगितलंस का?

"त्याला इचारलं तर न्हाई म्हनंल. झाल्यावर बघंल आन गप बसंल. गप बसायला त्याला कुनी शिकवाय नगं."

चार दिवसांवर वर्षश्राद्ध आलं होतं. मी गाठोडी कमरेला खोचली, बाजारात जुड्या दिल्या आणि चिकपेटेत श्रीकांत सोनाराकडं गेलो. आमच्या चारी घरांचे टाक त्याच्या बापानं नि त्यानंच केलेले. त्यानं नाणं अंगठ्यानं पुसलं आणि दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवलं.

"सुब्बण्णा, ह्ये लई जुनं दिसतंय. स्वल्प थांबा. कुनाला तरी दाखवून या, मंग बघू."

मला परत जायची घाई होती, बसला गर्दी होण्याच्या आत. आणि खरं सांगायचं तर मला रागच आला. सोनार कधी चांदी सोडतो का, ह्याच्या मनात काहीतरी आहे, असं वाटलं. मी म्हणालो, "माझ्या भावाचं हाय ते. वितळीव."

त्यानं मुशीत टाकलं. हत्ती आधी लाल झाला, मग त्याची पाठ खचली, मग तिथं हत्ती नव्हताच. मी शेवटपर्यंत बघत उभा होतो, आणि मला बरं वाटत होतं. भावाचं काम आपल्या हातानं होतंय असं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच वेळी दोन गल्ल्या सोडून मोहन त्या जाणकारासमोर बसला होता. बसमध्ये खिसे कापतात म्हणून नाणी घरी ठेवून त्यानं नुसती वही नेली होती. म्हातारा कंटाळून पानं उलटत होता. एका पानावर थांबला, भिंग मागवलं आणि पानावर वाकला. म्हणाला, हे मी चाळीस वर्षांत एकदाच पाहिलंय, तेही पुस्तकात. हे एवढं एकच घेऊन या. बाकीची वडिलांची आठवण म्हणून ठेवा. ह्या एकाच्या पैशात तुमची जमीन येईल आणि वर मोटरही बसेल.

संध्याकाळी वैनीनं ताटात हळद-कुंकू घालून टाक ठेवला होता. मी चहा पीत बसलो होतो. मोहन आला तो हातात मोगऱ्याची माळ आणि मैसूरपाकाचा पुडा घेऊन. अण्णा गेल्यापासून त्यानं घरात असं काही आणलं नव्हतं. वैनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, टाकाची बातमी त्याला कुठून तरी लागली आणि पोरगा निवळला. तो सरळ आत गेला, डबा घेऊन बाहेर आला आणि एकेक गाठोडी खाली ठेवू लागला. डबा रिकामा झाला.

"तांबडं कुठं हाय?"

वैनीनं हसून ताटाकडं बोट दाखवलं.

मोहन ताटाकडं बघत राहिला. मग खाली बसला आणि सगळं सांगितलं. जमीन, विहीर, चिकपेटेतला म्हातारा, वहीतलं पान. बस उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. तो एकदा जरी ओरडून बोलला असता तरी आम्हांला सोसायला सोपं गेलं असतं.

"मला का सांगितलं न्हाईस रं?" वैनी म्हणाली.

"तू तरी कुठं सांगितलंस."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, सोनार थांबा म्हणाला होता, मीच थांबलो नाही. मान वर करून बघायची माझी हिंमत नव्हती. मोहन म्हणाला, "सरी, काका." त्यापेक्षा त्यानं माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि आमच्या हातात घोड्यावर बसलेला अण्णा राहिला.

श्राद्ध झालं, टाक देवघरात बसला. जिवंतपणी ज्याला लोक येडा म्हणायचे तो आता आमच्या वस्तीतला सगळ्यांत महाग देव झाला. दसऱ्याला देवनहळ्ळीची जमीन दुसऱ्या कुणीतरी घेतली. मोहननं ते जेवता जेवता सांगितलं आणि भात वाढून घेतला.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो तर मोहन देवघरापुढं वही मांडीवर घेऊन बसलेला. त्यानं हत्तीचं पान उघडलं होतं. समोरचं पान कोरं होतं. मग त्यानं हात पुढं केला, टाक उचलला, कोऱ्या पानाखाली धरला आणि पेन्सिलीनं घासू लागला, लहानपणी घासायचा तसाच ओठ दाबून. आधी घोड्याचे कान आले, मग लगाम, मग माणूस. खाली त्यानं तारीख लिहिली आणि तिथंच थांबला.

"काका, कुठं सापडलं म्हनून लिहू?"

वैनी चुलीपाशी पाठमोरी होती. ती तशीच म्हणाली, "थोरला वाफा लिही. त्ये तांबडं थितंच घावलं हुतं."

त्यानं थोरला वाफा असं लिहिलं. आता तिथं कुणाचं तरी तीन मजली घर आहे आणि खाली मोटार उभी असते. वही मिटून त्यानं टाक जागेवर ठेवला. मग मला विचारलं, उद्या काय करणार? कुणी काय करतंय हे त्यानं कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं. मी म्हणालो, करायचं काय, कोथिंबीर निघालीय, वाफे पुन्हा तयार करायचेत.

सकाळी मी तुकड्यावर गेलो तर तो आधीच येऊन बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, हात मातीत. एक ढेकूळ घ्यायचा, फोडायचा, बोटांत चुरून बघायचा, मग टाकायचा. दुसरं घ्यायचा. दुपारपर्यंत त्याचा एक वाफासुद्धा झाला नाही. मी त्याला घाई केली नाही. तो तुकडा मी भाड्यानं घेतलेला. तिथली माती घराचे पाये खणणाऱ्यांनी कुठूनतरी लॉरीनं आणून टाकलेली, तळ्याच्या गाळाचा तिला वासही लागलेला नव्हता. तिच्यात कुणाचं काही सापडणार नाही, हे मला माहीत होतं. मी ते त्याला सांगितलं नाही. शेजारी बसलो आणि मीही एक ढेकूळ हातात घेतलं.