एक थेंबही न सांडणारं नरसाळं

“बाबा, ही बाटली तुम्ही आपल्या फ्रिजमध्ये ठेवाल का?”

हा प्रश्न भर दुकानात विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी आमच्या मालकांच्या मुलीशी लावली होती. तिला घरीदारी सगळे तुफान म्हणतात, त्यामुळे पैज ती तिथल्या तिथे जिंकली. मी तेव्हा त्याच बाटलीच्या तोंडात उभा होतो आणि माझ्यातून फवारणीचं औषध खाली उतरत होतं. बाटली संत्र्याच्या सरबताची. तिच्यावर दोन गुबगुबीत संत्री हसत होती.

“फ्रिजमध्ये? का, फ्रिजला कीड लागलीये?” बाबा म्हणाले.

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सगळ्यात जोरात हसली चिमणी, तुफानची जिवलग मैत्रीण. बाटली तिच्याच वडिलांची होती ना!

मित्रांनो, मी एक जुनं नरसाळं आहे. पत्रेकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला कापलं, वळवलं, डाग देऊन सांधलं आणि म्हणाला, “याच्यातून थेंब सांडला तर नाव बदलीन.” सोळा वर्षं झाली, त्याला नाव बदलावं लागलेलं नाही.

आमच्या दुकानात औषधाचे मोठे कॅन येतात. लोक त्याला औषध म्हणतात, पण असतं ते विषच. कॅनवर कवटीचं चित्र असतं, नाव असतं, पोटात गेलं तर काय करायचं तेही मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. पण अख्खा कॅन कोण घेणार? लोक घरून रिकामी बाटली आणतात. सरबताची, मधाची, खोकल्याच्या औषधाची. बाबा मला तिच्यावर बसवतात आणि ओततात. विष खाली जातं, कवटी मात्र कॅनवरच राहते. हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं आहे कुठे मला? नुसतं तोंड आणि नळी! “वाघ आहे आपला,” बाबा म्हणायचे, “एक थेंब वाया घालवत नाही.” आणि मी खिळ्यावर ऐटीत झुलायचो.

त्या पैजेनंतर पाचव्या दिवशी तुफान धावत दुकानात शिरली. पाठीवर दप्तर नाही, पायात एकच चप्पल.

“बाबा! चिमणीची आत्या! उन्हातून आली, कोनाड्यातली बाटली दिसली, तोंडाला लावली. लगेच थुंकली, पण पोटात गेलंच! डॉक्टर विचारतायत, औषध कुठलं?”

“बाटलीवर बघ ना...”

“बाटलीवर संत्री आहेत, बाबा! डॉक्टरांनी वाचलं. संत्र्याचं सरबत!”

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ती बाटली भरली त्या दिवशी तीन कॅन उघडले होते. “हिरव्या झाकणाचा असेल. नाही, थांब... मला आठवत नाहीये गं!”

मला आठवत होतं! लाल झाकणाचा! माझ्या नळीला अजून त्याचा वास होता. मी खिळ्यावरून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण माझं तोंड फक्त ओतून घ्यायला आहे. शेवटी बाबांनी तिन्ही नावं कागदावर खरडली आणि तुफान पळत सुटली. तपासणीत लाल झाकणाचंच निघालं, त्यावर उतारा नव्हता; तरी डॉक्टरांनी शर्थ केली. तिसऱ्या दिवशी आत्या गेली. तुफानच्या शाळेच्या ड्रेसची बटणंसुद्धा तिनेच शिवलेली होती.

चिमणी आता दुकानासमोरून मान खाली घालून जाते.

आणि मी? सोळा वर्षांत अशा किती बाटल्या भरल्या मी! त्या कुठल्या कोनाड्यात, कुठल्या खाटेखाली, कुणाच्या इवल्याशा हाताला लागतील अशा उभ्या असतील? विचारानेच माझा पत्रा गार पडतो. शाळेच्या निबंधांत आपली आत्मकथा सांगणारे आमचे जातभाई शेवटी विनवतात, आमची काळजी घ्या, अडगळीत टाकू नका. मी उलटं विनवतो. मित्रांनो, मला ठोकून चपटं करा! विष त्याच्याच भांड्यात राहू द्या, कवटीसकट, कुलपात. आणि ज्याच्यापुढे डॉक्टरही हात टेकतात, असलं विष दुकानात आणूच नका.

काल आई दुकानात चहा घेऊन आली. तुफानने मला खिळ्यावरून काढलं आणि काउंटरवर दाणकन आपटलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय.”

“अगं, कप सांडेल! काय ठरलंय?” आई म्हणाली.

“सुटं औषध आजपासून बंद. लाल झाकणाचा कॅन कंपनीला परत.”

“गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल गं,” बाबा पुटपुटले.

“जाऊ दे. बाबा, कुठल्या बाटलीत काय ओतलं ते तुम्हाला आठवत नाही. पण कुणाकुणाला दिलं, ते आठवतं ना?”

बाबांनी हळूच मान हलवली.

“मग उद्या मी शाळेत जाणार नाही. त्या प्रत्येक घरी जाऊन बाटली परत मागणार. पहिलं घर चिमणीचं. तिथे आता बाटली नाही, तरी पहिलं तेच. आणि बाबा, तुम्ही माझ्याबरोबर येताय.”