मूठ खाली, डोकं वर

"मार पाणी! हात आखडू नको!" तोकुजी गाडीच्या आतून ओरडला.

निशिदे मेकॅनिकनं पाइपाचं तोंड बोटानं दाबलं आणि टपावर अशी धार सोडली की गॅरेजभर तुषार उडाले. आत तोकुजी बॅटरी घेऊन वाकडातिकडा बसलेला. डाव्या सीटवर त्यानं बायकोची पावडर भुरभुरली होती. एक थेंब जरी पडला तरी पावडर चुगली करणार. पण थेंब काही पडेना.

"काका, या बाहेर. रबर सगळं नवं टाकलंय. टपाच्या पन्हळीतलं पाणी मागच्या खांबातल्या नळीनं चाकाजवळ बदाबदा पडतंय, बघा की. गाडी गळत नाही तुमची."

"घरी गळते."

"मग घराला डॉक्टर दाखवा!"

निशिदे हसला. तोकुजी नाही हसला. 'डबा विसर, पण छत्री विसरू नको' असं जपानातल्या ज्या कानाझावात पोराटोरांना सांगतात, तिथं तीन पिढ्या कागदी छत्र्या करणारं त्याचं घर. बांबूच्या काड्या, हातकागद, वरून तेलाचा हात. पावसाची काय बिशाद आत यायची! आणि छत्रीवाल्याचीच गाडी गळते म्हटल्यावर गाव सोडतंय होय?

पन्नाशीत त्यानं ही जुनी, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी घेतली होती. टप उचलून मागं ठेवायचा आणि वारा खात निघायचं. "जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर धरलं, एखादं छप्पर मला काढूही दे," असं म्हणाला होता. टप निघायचा झोकात. बसवला की मात्र गळायचा, आणि तेही नेमकं बायकोच्या, फुमिएच्या डाव्या गुडघ्यावर. दोन हिवाळे तिनं सोसलं. मग गाडीत बसणंच सोडलं.

त्या रात्री समुद्राकडून ढग गरजले आणि धो धो सुरू झालं. सकाळी तोकुजीनं दार उघडून पाहिलं तर सीटवरच्या पावडरीचं पिठलं झालेलं.

घरात फुमिए लाल छत्री कापडात गुंडाळत होती. नाचाच्या मिझुहोबाईंसाठी केलेली. अलीकडे कागदाची कड तिच्या बोटांना कळेनाशी झाली होती. "ही शेवटची," असं तिनंच सांगून टाकलं होतं, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द.

"मी बसनं जाते."

"अगं, आज तरी माझ्याबरोबर—"

"अहो, चांगला किमोनो घातलाय. बाईंच्या दारात ओल्या गुडघ्यानं उभी राहू? छत्री करणारी बाई?"

घरातली शेवटची छत्री निघणार, आणि ती बसच्या गर्दीत कोपरं खात! तोकुजीच्या मनात होतं, तिला शेजारी बसवून राणीसारखी न्यायची. सगळ्या आळीनं बघायला पाहिजे.

तेवढ्यात समोरचा मासेवाला ओकुदा पानात माशाचा तुकडा घेऊन आला. थंडीतले ढग गरजले की बुरी मासा किनाऱ्याला लागतो, त्यामुळं स्वारी खुशीत.

"काय तोक्या, गाडीत छत्री उघडून बसतोस म्हणे?" असं म्हणत त्यानं आपली कागदी छत्री मिटली आणि शेंडा खाली करून भिंतीला टेकवली.

तोकुजी खेकसला, "उचल ती! किती वेळा सांगायचं? कापडाची छत्री नव्हे ती. मूठ खाली, डोकं वर! डोकं खाली केलंस की पाणी शेंड्यात साचतं, त्याला जायला वाट नाही, मग कागद—"

आणि तो थांबला.

"मग कागद काय? बोल की!"

तोकुजी दाराबाहेर बघत होता. आळी नदीकडं चांगलीच उतरती. उतारावर गाडी उभी, नाक खाली, शेपूट वर. रोज अशीच. नदीकाठच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना तिचं तोंड दिसावं म्हणून तोच मुद्दाम तशी लावायचा. पाणी जायची नळी मागं, आणि पाणी पुढच्या कोपऱ्यात तुंबलेलं. निशिदेच्या गॅरेजची जमीन ताटासारखी सपाट. तिथं कशाला गळतेय?

"मीच," तोकुजी म्हणाला. "मीच तिला डोक्यावर उभी केली."

तो तसाच भिजत धावला. गाडी खाली नेली, वळवली, वर आणली आणि नाक डोंगराकडं करून लावली. सीट पुसली, पावडर भुरभुरली. पाऊस मुसळधार. तिघं दारात उभी राहून बघत होती. मागच्या चाकाजवळ नळी धो धो वाहायला लागली. बऱ्याच वेळानं तोकुजीनं गाडीचं दार उघडलं. पावडर जशीच्या तशी, कोरडी ठाक.

ओकुदानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे दोन हिवाळे बिचारीच्या गुडघ्यावर तुझा तोरा गळत होता!"

"तोराच," तोकुजी छाती काढून म्हणाला. "बिनतोऱ्याच्या माणसानं छत्र्या करूच नयेत."

सीटवरची पावडर फुमिएनं रुमालानं झटकली आणि बसली. छत्री दोन्ही गुडघ्यांत उभी धरली, मूठ खाली, डोकं वर. तोकुजीनं उतारानं जायचं टाळलं. डोंगराला वळसा घालून वरच्या रस्त्यानं गाडी नेली. ओकुदा भर पावसात दुकानाबाहेर येऊन वाकून उभा राहिला. थट्टेनं नव्हे.

मिझुहोबाईंनी छत्री दारातच उघडली. तिच्याखाली उभ्या राहिल्या, वर पाहत राहिल्या आणि आत न जाता फुमिएला वाकून नमस्कार केला, खूप खाली.

परत आल्यावर तोकुजीनं गाडी नाक वर करून लावली. नदीकडून आता नुसती शेपूट दिसणार. दिसू दे.

"उतरत नाहीस?"

"थांबा जरा. कागदावर पडतो तसाच वाजतोय."

टपावर पाऊस वाजत होता. फुमिएची मांडी आता रिकामी होती. डावा हात मात्र सवयीनं गुडघ्यावर उताणा पडला होता, थेंब झेलायला. तोकुजी त्या कोरड्या तळव्याकडं बघत बसून राहिला.