पाचवा खिळा

धानोरवाडीच्या तालमीत शिरलं की मारुतीच्या डाव्या अंगाला भिंतीवर चार तसबिरी दिसतात. चौघेही गावचेच पैलवान, चौघेही कधीचे वारलेले. रेणापूर तालुक्यात चांगले पैलवान पुष्कळ झाले, गदा आणणारेही झाले. पण त्या भिंतीवर जायला नुसतं चांगलं असून भागत नाही. शेषेराव वस्तादांनी "हा त्यांच्यातला" म्हणावं लागतं. मग सप्ताहाच्या काल्याला, कीर्तन सुटलं की, साऱ्या गावासमोर तसबीर चढते.

औंदा पोरांनी वस्तादांना न विचारताच पाचवा खिळा ठोकून ठेवला. भागवत पैलवानासाठी. तसबीरही लातूरहून चौकटीत बसवून आणली. वस्तादांनी ती हातात घेतली, बघितली, आणि आपल्या बाजेमागं भिंतीकडं तोंड करून ठेवून दिली.

इकडं भागवतला लकवा मारलेला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ त्यालाही कळला होता. चतुराबाई सकाळी पेज भरवायला बसली की तो आधी विचारी,

"चढली?"

"अजून न्हाई," ती म्हणे. माळकरी बाई. कीर्तनाला कधी चुकली नाही आणि गळ्यात माळ पडल्यापासून खोटं बोलली नाही. मग तो तोंड उघडी. जायच्या आधी त्याला एवढं एकच पाहिजे होतं.

काला तोंडावर आला तशी ती वस्तादांच्या दारात जाऊन बसली.

"अण्णा, आमच्या मालकांनी काय कमी केलंय? नांदेड झालं, परभणी झाली, उदगीर झालं. कुठं मातीला पाठ लागली का त्यांची?"

"न्हाई लागली."

"मग?"

वस्ताद तंबाखू मळत होते. म्हणाले, "वर जो तिसरा हाय ना, मिशावाला, तो लई येळा पडलाय, चतुरे. तरी वर हाय."

"म्हंजी पडला त्यो वर, आन् जो कधी पडलाच न्हाई त्यो बाजेमागं? चांगला न्याव हाय तुमचा."

"कुस्तीच्या फडात पैलवान हात वर करून फिरतो," वस्ताद म्हणाले. "ज्याची हिंमत हाय त्यानं हात पुढं करायचा, आन् आलेला हात घ्यायचा. तिथं नाव-गाव इचारायचं नसतंय. ह्या चौघांनी आलेला एक बी हात सोडला न्हाई. भागवतनं एक सोडला, आपल्याच जत्रंत."

"कुनाचा?"

"बौद्धवाड्यातल्या धम्मानंदाचा."

चतुराबाईला ती जत्रा आठवली. तेव्हा ती नवी नवरी होती. फेटा बांधून, गुलालानं न्हालेला भागवत घरी आला होता आणि मागं पोरं ओरडत होती, बिनजोड, बिनजोड. त्याच्या जोडीला कुणी उभाच राहिला नाही, असंच तिनं आजवर ऐकलं होतं.

"सोडा म्हनून कुनी सांगितलं?"

"पंचांनी. म्या बी होतो त्यात. शेवटची कुस्ती त्या पोराला द्यायची न्हाई, असं आमचं ठरलं होतं." वस्तादांनी तंबाखू तोंडात न टाकताच झटकून दिली. "पर हात भागवतच्या म्होरं आला होता, आमच्या न्हाई. धम्मानंद किनवटला असतोय. त्यानं येऊन सांगू दे, भागवतनं मला पाडलं असतं म्हनून. मग ती कुस्ती झाली असं धरून मी सोता शिडीवर चढतो."

भागवतला शेजारणीच्या स्वाधीन करून चतुराबाई निघाली. नांदेडपर्यंत एस.टी., पुढं रेल्वे. किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहामागं, सागाच्या झाडांखाली तांबड्या मातीचा हौदा केलेला, आणि त्यात मुली झुंजत होत्या. कडेला एक पांढऱ्या केसांचा, मोडक्या कानांचा माणूस उकिडवा बसला होता. आश्रमशाळेच्या मास्तरकीतून निवृत्त झाला तरी त्यानं तालीम सोडलेली नव्हती.

"जय भीम, वहिनी," तिनं गाव सांगितल्यावर धम्मानंद म्हणाला. "धानोरवाडीचं मानूस हिकडं? रस्ता चुकला का?"

"रामकृष्णहरी. चुकले न्हाई, तुमच्याकडंच आले."

त्यानं पाणी दिलं. तिनं सगळं सांगितलं. लकवा, खिळा, वस्तादांची अट.

"भागवत मोठा पैलवान," धम्मानंद म्हणाला. "त्याची ढाक लागली की समोरच्याला जमीन कुठंशी हाय तेच कळायचं न्हाई. मला तुमच्या तालमीत कोन घेणार? मी खिडकीच्या गजातनं बघून शिकलो. ह्या पोरींना तोच डाव शिकवून राहिलो."

"मग येवढंच येऊन सांगा की, भाऊ."

"काय सांगू? त्यानं मला पाडलं असतं?" धम्मानंद हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "वहिनी, त्या दिवशी मला कुस्ती दिली न्हाई. आता निकाल बी माझ्याच तोंडून पायजे का?"

चतुराबाईला कीर्तनातले दाखले ढिगानं पाठ. त्या वेळी एकही आठवला नाही. जायला उठली तेव्हा तो म्हणाला, "काल्याला येतो. काय बोलंन ते आत्ता इचारू नका."

आला तो सांगितल्यासारखा. तालमीपुढच्या मांडवात दहीहंडी फुटली, लाह्या वाटून झाल्या, विणेकऱ्यानं विणा खाली ठेवला. वस्ताद तसबीर छातीशी धरून भिंतीपाशी उभे राहिले. शिडी लावलेली होती. धम्मानंदानं पायताण बाहेर काढलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या तालमीत पाय टाकला.

"सांग," वस्ताद म्हणाले. "कुस्ती लागली असती तर कोन पडलं असतं?"

"मला म्हाईत न्हाई."

मांडवातली माणसं तालमीच्या दाराशी गोळा झाली.

"भागवतला बी म्हाईत न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "आन् अण्णा, तुमाला बी न्हाई. ज्या दिवशी कळायचं होतं त्या दिवशी तुमी कुस्तीची हलगी बंद केली. आता कुनालाच कळायचं न्हाई."

"इतक्या वर्सांनी सूड उगवाया आलाय," मागून कुणीतरी बोललं.

धम्मानंद वळला. "सूड घ्यायचा असता तर म्हनलो असतो, मीच पाडलं असतं. कोन खोटं म्हननार होतं?"

वस्तादांनी तसबीर पुन्हा भिंतीकडं वळवली. शिडी कुणीतरी काढून आडवी केली.

चतुराबाई काल्याचा द्रोण घेऊन घराकडं चालू लागली. मागं पावलं वाजली. धम्मानंद येत होता. "तुमी सांगू नका," तो म्हणाला. "मी सांगतो त्याला."

भागवतनं दारातला माणूस ओळखला. ओळखायला वेळ लागला नाही, हे चतुराबाईनं पाहिलं. धम्मानंद बाजेच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "न्हाई चढली. माझ्यामुळं न्हाई चढली."

भागवतनं डाव्या हातानं आपला मेलेला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि पुढं ढकलला. फडात पैलवान देतात तसा.

धम्मानंदानं त्या हाताकडं बघितलं. त्याचाही हात उठला होता, अर्ध्यावर थांबला.

"आता न्हाई, भागवत," तो म्हणाला. "आता मीच जिंकंन."

त्यानं तो हात दोन्ही हातांनी अलगद धरला, पण कुस्तीचा हात घेतात तसा नाही. परत छातीवर ठेवला, वाकळ नीट केली, आणि निघून गेला. चतुराबाईनं काल्याचं बोट नवऱ्याच्या ओठाला लावलं. त्यानं तोंड उघडलं नाही. त्या दिवसानंतर त्यानं "चढली?" असं कधी विचारलंही नाही. थोड्याच दिवसांत तो गेला.

तेराव्याला कीर्तन ठेवलं होतं. महाराज परगावचे, गोड गळ्याचे. मेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे असतात, म्हणून कुणाला तरी विचारून आलेले. पखवाज थांबवून त्यांनी टाळकऱ्यांकडं हात केला आणि म्हणाले, "माउली, ज्याच्या जोडीला पंचक्रोशीत कुणी उभा राहिला नाही, असा हा बिनजोड पैलवान आज..."

बायकांच्या घोळक्यातून चतुराबाई उठली. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. साऱ्या जन्मात तिनं चालू कीर्तन कधी मोडलं नव्हतं. कुणी उठून गेलं तरी तिला राग यायचा.

"महाराज, बिनजोड म्हनू नका," ती म्हणाली. "जोड होता. हात पुढं करून उभा होता."

महाराजांना काही कळलं नाही. त्यांनी वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद मान खाली घालून बसले होते. चतुराबाई खाली बसली नाही. शेवटी महाराजांनी हात जोडले, तो शब्द सोडला आणि अभंगाचं पुढचं चरण धरलं. टाळ वाजायला लागले, तेव्हा ती बसली.