अकरा चित्रांच्या कडा

शेषरावांनी तीस वर्षं मोजणी खात्यात काढली. लोकांच्या शेताच्या वाकड्या हद्दी सरळ करून देणं, हेच त्यांचं काम. त्यांच्या बायकोला, जयवंताबाईंना, एकच नाद होता. फारसी गोष्टींचं मुलांचं एक जुनं पुस्तक होतं, त्यातली हातानं रंगवलेली मूळ चित्रं त्या जमवत. पुस्तक अकोल्याच्या एका छापखान्यानं काढलेलं. छापखाना बंद पडला आणि नईम पेंटरची बारा चित्रं चहूकडे पांगली. दोन रद्दीत सापडली, एक बाइंडरच्या घरी, एक वरुडच्या संत्रा व्यापाऱ्याकडे. एकोणीस वर्षांत अकरा जमली. इराण कधी न पाहिलेल्या नईमनं बादशहाच्या बागेत संत्र्याची झाडं काढली होती. ते चित्र पाहून बाई एकट्याच हसत बसायच्या.

बारावं होतं नईमच्या मागं राहिलेल्या बायकोकडे, खुर्शीदबीकडे. आधी अकराही दाखवायला आणा, मग बारावं देते, असं तिनं फोनवर कबूल केलं. रविवारी जायचं ठरलं. त्याआधी गुरुवारीच जयवंताबाई वारल्या.

सात महिन्यांनी शेषरावांनी अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. बाराही चित्रं एका जागी आणायची, एवढंच बायकोचं राहिलं होतं. दुसऱ्याच्या घरी न्यायची चित्रं नीट दिसावीत म्हणून ते दोन दिवस पट्टी आणि ब्लेड घेऊन बसले होते. कागदांच्या कडा वाकड्यातिकड्या, रंगांचे डाग पडलेल्या, पेन्सिलीनं उर्दूत काहीबाही लिहिलेल्या. त्यांनी अकराही चित्रं एका मापात कापली आणि कातरणं घंटागाडीत टाकली.

जुन्या शहरात खुर्शीदबीनं चष्मा लावून पहिलं चित्र घेतलं. चित्राकडे तिनं पाहिलंच नाही. कडेवरून बोट फिरवलं, कागद उलटा केला. दुसरंही तसंच पाहिलं.

"भाऊ, याच्या कडा कुठं गेल्या?"

"म्या कापल्या. वाकड्या होत्या, सारख्या केल्या."

तिनं चित्र खाली ठेवलं आणि सावकाश सांगितलं. नईमला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. फारसी तिला यायची, वडिलांनी शिकवलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती गोष्ट उर्दूत कागदाच्या कडेला लिहायची, तो चित्र काढायचा आणि तिथंच जवाब लिहायचा. कडांवर काही लिहिलेलं आहे, हे तिला जयवंताबाईंनीच फोनवर सांगितलं होतं.

"म्हनून तं म्हटलं, अकराही आना. मले ते एकडाव वाचाचं होतं."

माफी मागावी तर शेषरावांना शब्द फार लहान वाटला.

"बारावं देऊ नका मले," ते म्हणाले.

चहा आला, तसाच निवला. मग खुर्शीदबीनं उंटाचं चित्र ओढून घेतलं. नईमनं कडेला विचारलं होतं, उंट कसा असते. तिनं लिहिलं होतं, बकरीची मान लांब करा, झाला उंट. सांगताना ती हसली आणि पदरानं चष्मा पुसला.

शेषरावांनी खिशातली पेन्सिल काढली आणि ते चित्रामागे मराठीत लिहिलं. दुपार टळेपर्यंत सात चित्रांमागे काही ना काही लिहून झालं. कुठं आख्खी ओळ, कुठं एखादाच शब्द. चार चित्रांचं तिला काहीच आठवेना. त्या चारांमागे त्यांनी लिहिलं, 'कडा मी कापल्या. चूक माझी.' खाली तारीख घातली आणि दफ्तरात करायचे तशी पूर्ण सही केली.

मग अकराही चित्रं एकावर एक रचून त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"हे इथंच राहू द्या. तिले बारा एका जागी पायजे होते. माह्याच घरी पायजे, असं काही ती म्हनली नोयती."

खुर्शीदबीनं कपाटातून बारावं चित्र आणलं. त्याच्या कडा शाबूत होत्या, अक्षरांनी भरलेल्या. तिनं ते सगळ्यात वर ठेवलं.

"या चारचं मले आठवंन कवातरी," ती म्हणाली. "येत जा भाऊ. लिवाले कोनी तं पायजे."

पुढच्या रविवारी येतो म्हणून ते उठले.